एकच विडा

विडा करायला मला हाक आली तेव्हा हैबतराव देशमुखांची अर्धीच दाढी झालेली होती. डावा गाल तुळतुळीत, उजव्या गालावर चार दिवसांचं रान. न्हावी ‘गरम पाणी आणतो’ म्हणून उठला तो मागच्या भिंतीवरून उडी टाकून थेट बाहेरच्या बंडवाल्यांत जाऊन बसला होता. जाताना वस्तराही घेऊन गेला. अख्ख्या सोनजाई खोऱ्याला वेठीला जुंपणारा हा वाघ त्या सकाळी गढीच्या सदरेवर एक हात गालावर दाबून येरझारा घालत होता, आणि त्याला उचकी लागली होती.

एरवी मी पदर तोंडात धरून हसले असते. पण माझा भाऊ रावळा चार दिवसांपासून त्याच गढीच्या पेवात होता.

पेव म्हणजे धान्य साठवायचं भुयार. पोट मोठं, पण तोंड एवढंसं की माणूस खांदे आवळूनच उतरतो. कुठलाही कुणबी सांगेल, बंद पेव उघडलं की आधी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं, विझला तर घरी जायचं. असल्या पेवात हैबतरावांनी पाच जिवंत माणसं घातली, वर शिळा सरकवली आणि वीतभर फट ठेवली. गुन्हा काय, तर गढीच्या नव्या तटाचे दगड ओढायला ते चैत्राच्या उन्हात गेले नाहीत. चौघांनी बैल दिले नाहीत. रावळ्याकडे तर बैलही नव्हता. तोरव्याच्या ओढ्याकाठी त्याचा पानमळा होता, आणि नागवेल ही नवसाची पोर असते, चैत्रात दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकते. “मळा सोडून यायचा नाही मी,” एवढंच तो म्हणाला.

मी तोरव्याचीच लेक, गढीच्या तांबोळ्याला दिलेली. नवरा तापाने गेला, पण गढीवर दुसऱ्या कुणाला धड पान लावता येत नव्हतं म्हणून विड्याचं काम माझ्याकडेच राहिलं. बावीस वर्षांची होते तेव्हा. त्या सकाळी ऊन अंगणात उतरलं तशी मी पेवाशी गेले, फटीतून तांब्याभर पाणी सोडलं आणि हाक मारली.

“रावळ्या.”

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. “लिंबे, वेलींना पाणी घातलंस का?”

“घातलं,” मी म्हणाले. धडधडीत खोटं. दोन दिवस गढीचा दरवाजा बंद होता, मी कुठून घालणार पाणी?

“खालच्या वाफ्याला जरा जास्त घाल. तिकडं पश्चिमेचं ऊन लागतं.”

“बाहेर सगळं खोरं आलंय रे. आज सुटशील.”

“आज सुटलो तर बरं,” तो म्हणाला. “इथं दम पुरत नाही. निगडोलीचे दोघं रात्रीपासून बोलत नाहीत.”

आज म्हणजे आजच, हे मला तेव्हाच कळलं. उद्या त्या फटीशी हाक मारून उपयोग नव्हता.

आणि खरं सांगते, आज सुटायला काही हरकतही नव्हती. बाहेर तीनशे माणूस उभं होतं. तोरवे आणि निगडोली, दोन्ही गावं कोयते, कुऱ्हाडी, विळे घेऊन आली होती. आत हत्यार धरणारे मोजून बावीस. देशमुखांचे धाकटे भाऊ दोनशे घोडी घेऊन सुलतानाच्या मोहिमेवर गेले होते ते परवा परतायचे होते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दरवाजा. तो कोंडाजी सुताराने केला होता, वेठीत. वेठीच्या कामात जेवढा जीव ओतायचा तेवढाच ओतून केला होता. अडसराचं लाकूड त्याने मधोमध अर्ध्याहून जास्त करवतून ठेवलं, भेगेत मेण आणि भुसा भरला आणि वरून तेलाचा हात फिरवला. हैबतरावांनी त्या अडसरावरून हात फिरवून ‘वा’ म्हटलेलं मी ऐकलंय. तीन धडका, की मोडलाच. धडका द्यायला वीस जणांच्या खांद्याला पुरेल असं सागाचं खोड कोंडाजीने बाहेर चिंचेखाली आणून ठेवलं होतं. हे रावळ्याला ठाऊक होतं, म्हणून मला ठाऊक होतं. अक्कल सोडली तर त्या बंडात कशाचीही कमी नव्हती.

तर विडा. हाक मारली ती हैबतरावांनी नव्हे, त्यांच्या आईने. आऊसाहेब सत्तरीच्या, तोंडात एकही दात नाही, त्यांचा विडा मी खलबत्त्यात कुटून देत असे. सदरेच्या ओट्यावर त्या पाय सोडून बसल्या होत्या, जत्रेला निघायच्या असाव्यात अशा निवांत.

“लिंबाई, विडा लाव.”

“कुटून आणू ना?”

“मला नको. बाहेरच्यांना द्यायचाय. मानाचा विडा, लवंग टोचून. चांदीचं तबक घे.”

“बाहेर तीनशे माणूस आहे, आऊसाहेब. एवढी पानं नाहीत घरात.”

“एकच लाव,” त्या म्हणाल्या.

हैबतराव थांबले. “आईसाहेब, ते लोक गढी जाळायला आलेत आणि तुम्ही त्यांना, हिक्, पान खाऊ घालताय?”

“तू गप बस. कुणाकडून तरी तो दुसरा गाल करून घे आधी. लोकांपुढे असं थोबाड घेऊन जाऊ नये.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाहेर जाऊन सांगायचं, खोऱ्याच्या थोरल्या मानकऱ्याला आऊसाहेबांनी विडा पाठवलाय. विडा उचलला म्हणजे बोलणं कबूल. विडा उचलला की त्याच घटकेला मी पेव उघडते. पाचही माणसं मोकळी.”

“कुणी उचलला तरी?”

“कुणी का उचलेना, मला काय त्याचं? उचलला पाहिजे. सोनजाईची आण घेऊन सांगते.”

सोनजाईची आण देशमुखीणही मोडत नाही. माझ्या छातीतला धोंडा हलला. पण ‘एकच’ हा शब्द काही मनातून जाईना, कारण मी तोरव्याची. खोऱ्यातल्या रांगत्या पोरालाही जे ठाऊक ते मला ठाऊक नसेल कसं?

सोनजाईच्या जत्रेतला पहिला विडा कुणाचा, यावर तोरवं आणि निगडोलीचं तीन पिढ्यांचं वैर. तोरव्याचे म्हणायचे, देवीची शिळा आमच्या शिवारात सापडली. निगडोलीचे म्हणायचे, ती ओढून आमच्या बैलांनी आणली. यावरून डोकी फुटली, सोयरिकी मोडल्या, एका वर्षी तर देवी बिचारी आठ दिवस बिनपूजेची राहिली. निवाडा देशमुखांनी करायचा, आणि देशमुख कशाला करतात? दरवर्षी तबकात दोन विडे शेजारी-शेजारी ठेवायचे, एका दमात दोघांनी उचलायचे, आणि ‘निवाडा पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं. खपली धरू लागली की नखाने काढायची. तीन पिढ्या देशमुखांच्या घरात हे काम मोठ्या निगुतीने चाललं होतं.

तरी मला वाटलं, एवढं काही नाही. पाच जिवांचा प्रश्न आहे. तिघं निगडोलीचे, दोघं तोरव्याचे. इतकी गाढवं माणसं नसतात. पान घेतलं, ते रावळ्याच्याच मळ्यातलं होतं, ओल्या फडक्यात जपून ठेवलेलं. शिरा काढल्या, चुना लावला, कात, सुपारी, वेलदोडा घातला, दुमडून लवंग टोचली. विडा देखणा झाला.

मोठ्या दरवाजातलं कमरेएवढं छोटं दार, दिंडी, उघडून त्यांनी मला बाहेर ढकललं आणि मागे कडी घातली.

बाण पोचणार नाहीत इतक्या अंतरावर सगळे उभे होते. पुढे सिदोजी पाटील, तोरव्याचे, साठीचे, मिशा पांढऱ्या. माझ्या बापाचे दोस्त, रावळा त्यांच्या मांडीवर खेळलेला. त्यांच्या शेजारी निगडोलीचे तुबाजी पाटील, चाळिशीचे, छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. आणि मध्ये कोंडाजी, खांद्यावर उपरणं बांधून तयार. मला बघून तो हसला, कारण त्याला वाटलं मी निसटून आले.

आऊसाहेबांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं. पेवाचं दोनदा सांगितलं.

सिदोजी पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि दोन पावलं पुढे येऊन हात लांब केला. देवा, मला वाटलं, सुटलो.

“सिदोजीबाबा, हात आवरा,” तुबाजी म्हणाले.

“का म्हणून?”

“थोरल्या मानकऱ्याचा विडा आहे.”

“म्हणूनच हात घातला.”

“म्हणूनच आवरा म्हणतोय.”

झालं. त्या दोन वाक्यांबरोबर मागची तीनशे माणसं मधोमध उसवली. तोरव्याचे डावीकडे सरकले आणि निगडोलीचे उजवीकडे. आत्तापर्यंत कोण कुठला हे मलाही ओळखू येत नव्हतं.

“पाटील,” कोंडाजी म्हणाला, “विडा मागनं चावा. आधी खोडाला खांदा द्या. तीन धडका, बस्स. आत गेल्यावर तबकंच्या तबकं आहेत, लागतील तेवढे विडे खा.”

“अडसर कुठं पळून जातोय?” तुबाजी म्हणाले. “आधी हे मिटू दे. आज सोडून दिलं तर उद्या जत्रेत कोणत्या तोंडानं उभं राहू?”

“उद्या देवीपुढं उभं राहायला जिवंत तर राहाल ना? परवा घोडी येताहेत.”

“तू सुतार आहेस, तुला नाही कळायचं,” सिदोजी म्हणाले. या एका गोष्टीवर तुबाजींनीही मान हलवली.

मी पुढे झाले. “सिदोजीबाबा, आत रावळा आहे. त्याला दम पुरत नाही म्हणाला. तुम्ही उचला, नाहीतर ते उचलू देत. कुणीही उचला, पण उचला.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे माया करून बघितलं. ती माया मला अजून आठवते आणि अजून अंगाची आग होते. “पोरी, हा एकट्या रावळ्याचा प्रश्न नाही,” तो म्हणाला. “सात पिढ्यांचा प्रश्न आहे.”

सात. वैर तीनच पिढ्यांचं होतं, चार त्याने तिथल्या तिथे वाढवल्या.

मग शहाणी माणसं पुढे झाली. प्रत्येक गावात चार शहाणे असतात, ते अशा वेळी हटकून पुढे होतात. एक म्हणाला, विडा मधून कापा. त्यावर दोन्हीकडून ओरड झाली की अर्धा मान म्हणजे अर्धी मिशी, त्यापेक्षा नसलेली बरी. दुसरा म्हणाला, दोघांनी एकदम उचला. हे पटलं. दोघं पाटील तबकापाशी आले, दोघांनी बोटं पुढे केली. मी तबक आणखी पुढे केलं. बोटं विड्याला लागली आणि तुबाजींच्या ध्यानात आलं की सिदोजींची बोटं वर आहेत. त्यांनी हात काढला आणि वरून धरला. मग सिदोजींनी काढला आणि वरून धरला. मोठी मिशाळ माणसं, पोरीबाळी करतात तसं वर माझा हात, वर माझा हात करत बसली. विडा मधेच राहिला.

सूर्य डोक्यावर आला. मी तबक धरून उभीच. तांबोळ्याच्या हाताला खोड असते, पान सुकताना बघवत नाही. एकाच्या लोट्यातून पाणी घेऊन मी त्या विड्यावर अधूनमधून शिंपडत होते. पेवाला दिवसभराचं पाणी घालायला आत कुणी नव्हतं, हे डोक्यात येत होतं आणि मी आणखी शिंपडत होते.

कोंडाजीने मध्येच सगळ्यांना सोडून खोडाला हात घातला. “या रे, वीस जण या,” म्हणाला. पंधरा-वीस आले, खरंच आले. तोरव्याच्यांनी पुढचं टोक धरलं. निगडोलीच्यांनी मागचं टोक खाली टाकलं. म्हणाले, तोरव्याच्या बुडाशी लागून आम्ही शेपूट वाहायचं का? कोंडाजीने खोड फिरवलं, मागचं टोक पुढे केलं. तेव्हा तोरव्याचे निघून गेले. शेवटी त्याच्यापाशी गढीखालच्या वाडीचे सहा जण उरले, त्यांना ना तोरवं विचारत होतं ना निगडोली. सहा जणांना ते खोड गुडघ्याएवढंही उचलेना.

घामाने निथळत तो माझ्यापाशी आला. “आण इकडं. मी उचलतो.”

सिदोजींनी त्याचं मनगट धरलं आणि तुबाजींनी कोयता त्याच्या हातावर टेकवला.

“खोऱ्याचा मान सुताराच्या हातात?” एक म्हणाला.

“हात तोडीन,” दुसरा म्हणाला.

सकाळपासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. कोंडाजीने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं आणि तो जाऊन आपल्या खोडावर बसला. 

उन्हं कलली तेव्हा पहिला दगड आला. कुणाकडून आला, देव जाणे. मग विळे निघाले. गढी फोडायला धार लावलेले विळे एकमेकांच्या दंडावर चालले. वर तटावर हैबतराव येऊन उभे होते. दुसरा गालही तुळतुळीत झाला होता आणि उचकी थांबली होती. ते हसत होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी हसायचा हक्क खोऱ्यात त्यांच्याइतका कुणालाच नव्हता.

दिवस मावळायच्या आधी सगळं आटोपलं. तोरव्याचे आपले जखमी घेऊन पश्चिमेला गेले, निगडोलीचे आपले घेऊन पूर्वेला. जाताना दोघांच्याही चालीत ऐट होती. दुसऱ्याला उचलू दिला नाही, ही दोघांचीही जीत होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे सुंभ जळायचाही होता अजून, तो परवा जळला.

माळावर मी उरले, कोंडाजी उरला, त्याचे सहा जण उरले, आणि तबक.

मी विड्याकडे बघितलं. दिवसभर पाणी घातलेलं पान सकाळइतकंच ताजं होतं. आणि मला आऊसाहेबांचे शब्द आठवले. कुणी का उचलेना, मला काय त्याचं.

तबक सकाळपासून माझ्या हातात होतं. हात माझा, तोंड माझं. तो विडा माझ्यापासून एक वीत लांब होता. सकाळी दिंडीतून बाहेर पडल्या पडल्या तो मी तोंडात टाकला असता, तर कोण आडवं येणार होतं? कोयता पोचायच्या आत चावून झाला असता. मार खाल्ला असता, फार तर. मला ते सुचलं नाही. दिवसभर मी ‘कुणीही उचला, कुणीही उचला’ म्हणत होते आणि त्या कुणीहीमध्ये मी स्वतःला धरलंच नव्हतं. तांबोळणीने विडा करायचा असतो, द्यायचा असतो. मानाचा विडा ती खात नाही. त्या दोन पाटलांच्या डोक्यात जे शेण होतं तेच माझ्याही डोक्यात होतं, नुसतं दुसऱ्या कोपऱ्यात.

मी विडा उचलला आणि खाल्ला. चावत-चावत दरवाजापाशी गेले आणि वर बघून ओरडले, “आऊसाहेब, विडा उचलला.”

म्हातारी तटावर आली. “कुणी?”

“मी.”

तिने माझं लाल झालेलं तोंड बघितलं आणि ती हसली, त्या बोळक्या तोंडाने, पोट धरून हसली. “सबंध खोऱ्यात एक पुरुष निघाला,” म्हणाली, “तोही तांबोळीण.” मग तिने आण पाळली. तिचं जातंय काय, बाहेर माणूस उरलंच नव्हतं. शिळा सरकवली, दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा बारीक झाला, पण विझला नाही.

दोघं जिवंत निघाले. दोघं थंड होते, ते निगडोलीचे, रात्रीच गेलेले. रावळ्याला सगळ्यांत शेवटी काढलं, कारण तो फटीच्या अगदी खाली बसला होता, आणि बाकीच्यांना वर ढकलायला वाट हवी म्हणून कुणीतरी त्याला आधी बाजूला सारलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गरम होतं. मी सगळ्यांना सांगत होते, बघा, गरम आहे, पाणी आणा. तोरव्याचा जो जिवंत निघाला त्याने माझा हात धरला.

“उन्हं कलेपर्यंत बोलत होता गं,” तो म्हणाला. “सारखं विचारत होता, वेलींना पाणी घातलं का.”

मी रडले नाही. तोंडात विड्याचा रस होता, आणि तो थुंकावा की गिळावा हे मला कळेना.

तिसऱ्या दिवशी घोडी आली. कोंडाजीचा उजवा हात त्यांनी त्याच खोडावर ठेवून तोडला. तुबाजी जे म्हणाले होते ते दुसऱ्यांनी केलं. तोरवं आणि निगडोली एकाच दुपारी जाळली, तिथे मात्र मानपान पाहिला नाही. तरी पुढे कित्येक वर्षं वाद होता की आधी कुणाचं पेटलं.

हे सगळं आज सांगते कारण परवा चिंचेखाली गोतसभा बसली. चाळीस वर्षं झाली, हैबतराव गेले, आऊसाहेब गेल्या, दोन्ही पाटीलही गेले. त्यांचे नातू आले होते, तोरव्याचा धारोजी आणि निगडोलीचा सुभानजी. पहिल्या विड्याचा निवाडा कायमचा करायचा म्हणून खोऱ्यातली बुजुर्ग मंडळी जमली, आणि त्या दिवशी तबकाला सगळ्यांत जवळ कोण होतं, तर मी. म्हणून मला साक्षीला आणलं, कांबळ्यावर बसवलं, हातात सोनजाईचा भंडारा दिला.

“आजी,” सुभानजी म्हणाला, “आण घेतलीय. खरं तेच सांगा. विड्याला आधी बोट कुणाचं लागलं? आमच्या आज्याचं, का यांच्या?”

मी सांगितलं. हे जे तुम्हाला सांगितलं ते सगळं, अथपासून इतिपर्यंत. पेव सांगितलं, दिवा सांगितला, रावळ्याचं अंग गरम होतं ते सांगितलं. बोटं दोघांची लागली, म्हटलं, उचलला कुणीच नाही. उचलला मी. खाल्ला मी. या खोऱ्याचा थोरला मान चाळीस वर्षं माझ्या पोटात आहे, आणि सकाळी घ्यायचा तो संध्याकाळी घेतला म्हणून माझा भाऊ गेला. आता करा निवाडा.

 म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एक-दोघांनी डोळे पुसले. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी का होईना, पोचलं कुठेतरी.

मग धारोजी हळूच खाकरला.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही मूळच्या आमच्या तोरव्याच्याच ना?”

आणि सुभानजी ताडकन उठून म्हणाला, “लेक दिली की गाव तुटलं. ती गढीची. तोरव्याची कशी?”

मी भंडारा कांबळ्यावर ठेवला आणि उठले. मागून दोघांचे आवाज चढत होते. मला थांबायला वेळ नव्हता. चैत्र आहे, ऊन पश्चिमेला कललं होतं, आणि रावळ्याच्या मळ्यातल्या खालच्या वाफ्याला अजून पाणी घालायचं होतं.